जरी, तरी आणि ‘हाउएव्हर’

एखादी गोष्ट खरी आहे असे कबूल करायचे, तिच्यावरून ऐकणाऱ्याच्या मनात जी स्वाभाविक अपेक्षा उभी राहते तिची दखल घ्यायची आणि मग ती अपेक्षा या ठिकाणी फोल ठरली आहे असे सांगायचे, ही तीन कामे एकाच वाक्यबंधात उरकण्याची सोय जगातील बहुतेक भाषांनी करून ठेवलेली आहे. “सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी पडतो, तरी तेथे साखर कारखाने पुष्कळ आहेत” या वाक्यात कमी पाऊस मान्य केलेला आहे. ऊस हे भरपूर पाणी पिणारे पीक असल्यामुळे अशा जिल्ह्यात कारखाने थोडे असावेत हा तर्क शब्दांत न आणता गृहीत धरलेला आहे. आणि तो तर्क मोडण्याचे काम एकट्या ‘तरी’ने केले आहे. अर्थाच्या या नात्याला इंग्रजी व्याकरणात ‘कन्सेशन’ म्हणतात आणि मराठीत त्याला ‘स्वीकृती’ म्हणता येईल, कारण समोरच्याचा मुद्दा मान्य करून मग आपला मुद्दा पुढे नेणे हे त्याचे सार आहे. स्वीकृती आणि नुसता विरोध यांत फरक आहे. “अक्कलकोट सोलापूरच्या आग्नेयेला आहे, तर पंढरपूर पश्चिमेला” या वाक्यात दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या आहेत, परंतु पहिलीमुळे दुसरीविषयी कोणतीही अपेक्षा निर्माण होत नसल्याने तेथे मोडण्यासारखे काही नाही. स्वीकृतीत मात्र ही न बोललेली अपेक्षाच वाक्याचा खरा आधार असते.

इंग्रजीत स्वीकृती व्यक्त करण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट ‘ऑल्दो’ आणि ‘दो’ यांसारख्या उभयान्वयी अव्ययांची, दुसरी ‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ यांसारख्या, नामाच्या आधी येणाऱ्या शब्दयोगी अव्ययांची आणि तिसरी ‘हाउएव्हर’, ‘नेव्हरदलेस’, ‘स्टिल’, ‘इव्हन सो’, ‘एनीवे’ अशा क्रियाविशेषणांची. पहिल्या दोन वाटा मराठी माणसाला फारशा अडत नाहीत, कारण त्यांना ‘जरी’ आणि ‘असूनही’ हे सरळ प्रतिशब्द सापडतात. तिसरी वाट अडते, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जेथे मराठीबरोबरच कानडी, तेलुगू आणि दखनी बोलणारी मुले एकाच वर्गात इंग्रजी शिकतात, तेथे ती का अडते हे पाहिले असता या मुलांच्या स्वतःच्या भाषांविषयीच पुष्कळ काही समजते.

या क्रियाविशेषणांचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे. रँडॉल्फ क्वर्क, सिडनी ग्रीनबॉम, जेफ्री लीच आणि यान स्वार्तविक या चार व्याकरणकारांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद्व्याकरणात अशा शब्दांना ‘कॉन्जंक्ट’ असे नाव दिले आहे. मराठीत त्यांना योजक क्रियाविशेषणे म्हणता येईल. सामान्य क्रियाविशेषण क्रियेविषयी काही सांगते, म्हणजे ती कशी, कोठे, केव्हा घडली हे सांगते. योजक क्रियाविशेषण क्रियेविषयी काहीच सांगत नाही, तर हे वाक्य मागच्या वाक्याशी कोणत्या नात्याने उभे आहे एवढेच दाखवते. मुख्य म्हणजे ते दोन वाक्यांना अर्थाने जोडते, व्याकरणाने जोडत नाही. ‘ऑल्दो’ने आरंभ झालेले उपवाक्य एकटे उभे राहू शकत नाही, त्याला मुख्य वाक्याचा आधार लागतो, ‘हाउएव्हर’ असलेले वाक्य मात्र स्वतंत्र आणि पूर्ण असते, आणि म्हणूनच त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम यावा लागतो. हा नियम केवळ विरामचिन्हांचा समजला जातो, पण त्याचे मूळ वाक्याच्या रचनेत आहे.

आता मराठीकडे वळले असता दिसते की येथे स्वीकृतीचे मुख्य साधन जोडीने काम करते. ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जेथे–तेथे’, ‘जो–तो’, ‘जर–तर’ यांच्याच कुळातली ‘जरी–तरी’ ही जोडी आहे, आणि तिचा पहिला घटक गाळला तरी चालतो, दुसरा सहसा गाळता येत नाही. शालेय व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे जे प्रकार शिकवले जातात त्यांत ‘पण, परंतु, किंतु’ ही न्यूनत्वबोधक म्हणून एका बाजूला येतात, तर ‘जरी–तरी’ ही जोडी ‘जर–तर’च्या शेजारी, संकेतबोधक म्हणजे अट दाखवणाऱ्या अव्ययांत बसवलेली असते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 1836 च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथापर्यंत आणि त्यापुढेही जी व्याकरणपरंपरा वाढली, तिने केलेली ही विभागणी वरवर पाहता विचित्र वाटते, कारण ‘पाऊस पडला तरी शाळा भरली’ यात अट कोठेच नाही. तरीही ती विभागणी फार मार्मिक आहे. जुन्या मराठीत ‘जरी’चा अर्थ ‘जर’ असाच होता आणि ‘तरी’चा अर्थ ‘तर’; ज्ञानेश्वरीत ‘तरी’ हा शब्द ‘तर’ या अर्थाने पदोपदी येतो. संस्कृतातही ‘यद्यपि’ म्हणजे ‘यदि’ अधिक ‘अपि’, म्हणजेच ‘जर’ला जोडलेला ‘सुद्धा’. आणि ‘तथापि’ म्हणजे ‘तसे’ला जोडलेला ‘सुद्धा’. स्वीकृती ही अटीच्या पोटातून जन्मते आणि ‘सुद्धा’ या अर्थाचा एखादा शब्द अटीला चिकटला की अट मोडून स्वीकृती होते, हे या शब्दांच्या घडणीतच लिहिलेले आहे.

सोलापुरात ही गोष्ट चार भाषांत एकाच वेळी ऐकता येते. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांत कानडी घराघरांत बोलली जाते. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर, ज्यांच्या नावाची यात्रा संक्रांतीला भरते, त्यांनी आपली वचने कानडीतच रचली. आणि त्याच परिसरात, भीमा–सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे, शके 940 म्हणजे इ. स. 1018 चा मराठी ओळ असलेला शिलालेख आहे. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू ऐकू येते आणि मुसलमान वस्तीत दखनी. पाऊस पडण्याची अट कानडीत ‘मळे बंदरे’ अशी सांगतात, आणि शेवटचा स्वर बदलून ‘मळे बंदरू’ म्हटले की अर्थ ‘पाऊस आला तरी’ असा होतो. हा शेवटचा ‘ऊ’ म्हणजे कानडीतला ‘सुद्धा’. तेलुगूत अट ‘वान पडिते’ आणि स्वीकृती ‘वान पडिना’. दखनीत ‘पानी पड़ा तो’ याला ‘भी’ जोडला की काम झाले. कानडीतला ‘आदरू’ आणि तेलुगूतला ‘अयिना’ हे शब्द तर थेट ‘झाले तरी’ या अर्थाचे असून वाक्याच्या आरंभी येऊन ‘हाउएव्हर’ किंवा ‘इव्हन सो’ यांचेच काम करतात.

मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी 1956 साली भारताला एक भाषिक क्षेत्र मानावे अशी मांडणी केली, म्हणजे वेगवेगळ्या कुळांतील भाषा एकत्र नांदून एकमेकींसारख्या होत गेल्या असे दाखवले, आणि पुढे संस्कृत ‘अपि’ व द्राविडी भाषांतील ‘उम्’ यांच्या वापरातील साम्याकडेही त्यांनी लक्ष वेधले. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेल्या आणि 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तेथील मराठी, कानडी आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले असले तरी वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेचे वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. सोलापूरची स्थिती याहून फार निराळी असण्याचे कारण नाही.

सोलापूरच्या या चारही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि स्वीकृतीचा प्रत्यय किंवा शब्द पहिल्या उपवाक्याच्या शेपटाला लागतो, म्हणजे दोन वाक्यांच्या नेमक्या सांध्यावर येतो. इंग्रजीत ‘ऑल्दो’ पहिल्या उपवाक्याच्या डोक्यावर बसतो आणि सांधा मोकळा राहतो. मराठी कानाला तो रिकामा सांधा खटकतो, तेथे ‘तरी’ची जागा भरलीच पाहिजे असे वाटते, आणि विद्यार्थी ‘ऑल्दो इट रेन्ड, बट द स्कूल ओपन्ड’ असे लिहून मोकळा होतो. परीक्षक त्यावर लाल रेघ मारतो. ही चूक हलगर्जीपणाची नाही. ‘जरी’ आला की ‘तरी’ यायलाच हवा हा मराठीचा नियम विद्यार्थ्याने इमानाने पाळलेला असतो, आणि त्याला हे कोणी सांगितलेलेच नसते की इंग्रजीत जोडीतला एकच शब्द घ्यायचा असतो.

येथे इतिहासाचा एक धागा महत्त्वाचा आहे. इंग्रजीतही एके काळी अशी जोडी होती. 1611 च्या बायबलच्या भाषांतरात ‘दो’ने आरंभ होऊन ‘येट’ने पुढे जाणारी वाक्ये आहेत, आणि भारतातील शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या, रेन आणि मार्टिन यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातही ‘दो–येट’ ही सहसंबंधी जोडी नोंदलेली आहे. या पुस्तकाच्या लेखकांपैकी पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले अधिकारी होते. ‘दो–येट’ ही जोडी ‘जरी–तरी’ला तंतोतंत जुळत असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याने ती चटकन उचलली आणि घट्ट धरून ठेवली, इंग्लंडात ती जुनी झाली, तरी महाराष्ट्रातील अर्जांत आणि निबंधांत ती अजून भेटते. ‘दो’नंतर ‘येट’ जुनाट वाटेल, पण अशुद्ध म्हणता येणार नाही. ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ मात्र अशुद्धच, कारण ‘येट’ हे क्रियाविशेषण म्हणून मुख्य वाक्याच्या आत राहू शकते आणि ‘बट’ हे समान दर्जाची दोन वाक्ये जोडणारे अव्यय असल्याने गौण वाक्याशी त्याची सांगड बसत नाही. हा फरक वर्गात सांगितला गेला, तर पाठांतराची गरज उरणार नाही.

दुसरी चूक विरामचिन्हाची. ‘इट रेन्ड, हाउएव्हर द स्कूल ओपन्ड’ असे लिहिताना विद्यार्थी ‘हाउएव्हर’ला ‘पण’ समजतो. ‘पण’च्या आधी स्वल्पविराम पुरतो, ‘हाउएव्हर’च्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम हवा. नंतरचा स्वल्पविराम गाळला तर अर्थच पालटण्याचा धोका असतो, कारण ‘हाउएव्हर’च्या लगेच मागोमाग विशेषण किंवा क्रियाविशेषण आले तर तो शब्द ‘कितीही’ या अर्थाचा होतो. शिवाय ‘हाउएव्हर’ कर्त्याच्या नंतर वाक्याच्या मध्येही येऊ शकतो, आणि तेव्हा तो ज्या शब्दाच्या मागे येतो त्याच्यावर जोर पडतो. मराठीतला ‘मात्र’ नेमके हेच करतो: ‘सगळे निघून गेले, शिक्षक मात्र थांबले’. असे असताना अलीकडच्या वृत्तपत्री मराठीत ‘मात्र,’ असा स्वल्पविरामासह वाक्याच्या आरंभी उभा केलेला ‘मात्र’ सर्रास दिसतो, ती इंग्रजी ‘हाउएव्हर’ची नक्कल आहे आणि तिने ‘मात्र’ची जोर देण्याची मूळ शक्ती घालवली आहे.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘पाऊस पडला तरी शाळा भरली’ आणि ‘पाऊस पडला तरी शाळा भरेल’ या दोन्ही वाक्यांत मराठी एकच ‘तरी’ वापरते, आणि पाऊस खरोखर पडला की पडण्याची केवळ शक्यता आहे, हे पुढच्या क्रियापदावरून ठरते. कानडी ‘बंदरू’ आणि तेलुगू ‘पडिना’ यांचेही तसेच आहे. इंग्रजीला मात्र येथे निवड करावी लागते: घडून गेलेल्या गोष्टीसाठी ‘इव्हन दो’, संभाव्य गोष्टीसाठी ‘इव्हन इफ’. क्रियाविशेषणांतही हा भेद झिरपलेला आहे. ‘नेव्हरदलेस’ हा शब्द सहसा मागचे विधान खरे म्हणून मान्य केलेले असतानाच शोभतो, तर ‘इव्हन सो’ आणि ‘स्टिल’ हे कल्पिलेल्या परिस्थितीनंतरही चालतात. सोलापूरच्या मुलांना चारपैकी कोणत्याही घरभाषेतून हा भेद आयता मिळत नाही, म्हणून तो वेगळा शिकवावाच लागतो.

शब्दाशब्दाचे स्वभाव पाहू लागले की ही क्रियाविशेषणे अदलाबदलीची नाहीत हे ध्यानात येते. ‘नेव्हरदलेस’मधला मधला ‘द’ हे आजचे उपपद नसून जुन्या इंग्रजीतील तृतीया विभक्तीचे रूप आहे आणि त्याचा अर्थ ‘त्यामुळे’ असा होता. म्हणजे संपूर्ण शब्दाचा अर्थ ‘त्यामुळे जराही कमी नाही’. मागचे म्हणणे पूर्ण वजनाने मान्य करून पुढचे म्हणणे तितक्याच वजनाने ठेवण्याची ताकद या शब्दात आहे, म्हणून तो न्यायालयीन निर्णयांत आणि गंभीर निबंधांत शोभतो, घरगुती पत्रात जड वाटतो. ‘स्टिल’ हा शब्द मुळात ‘स्थिर’ अर्थाचा, तेथून ‘अजूनही’ आणि तेथून ‘तरीही’ असा प्रवास करून आलेला आहे, आणि त्याच्या जागेवरून अर्थ ठरतो. सोलापुरात 1877 मध्ये सुरू झालेली ‘जुनी गिरणी’ बंद पडली. तिथल्या एखाद्या कामगाराविषयी ‘ही स्टिल लिव्ज इन सोलापूर’ असे म्हटले तर तो अजूनही सोलापुरात राहतो एवढेच कळते, आणि ‘स्टिल, ही लिव्ज इन सोलापूर’ असे म्हटले तर गिरणी गेली असतानाही तो शहर सोडून गेला नाही हा अर्थ निघतो.

बोलण्यात वाक्याच्या शेवटी येणारा ‘दो’ मराठी माणसाला पुस्तकात सहसा भेटत नाही, पण त्याच्या तोंडी त्याचा जुळा भाऊ आहे. ‘सोलापुरी चादर जड असते, ऊब छान देते पण’ या बोलीतल्या वाक्यात शेवटी आलेला ‘पण’ म्हणजे शब्दशः ‘इट इज व्हेरी वॉर्म, दो’ यातला ‘दो’ होय. दोन्हीकडे स्वीकृती मागाहून आठवल्यासारखी, सुरात सौम्यता ठेवून येते, आणि दोन्ही औपचारिक लेखनात टाळली जातात. ‘अ‍ॅडमिटेडली’ किंवा ‘ग्रँटेड’ हे शब्द उलट टोकाला, पहिल्याच वाक्यात येतात आणि आता पुढे ‘बट’ येणार अशी सूचना देतात. मराठीत हे काम ‘खरा–खरी–खरे’ करतो, आणि ते करताना लिंगवचनाप्रमाणे बदलतोही: पाऊस पडला खरा, वीज आली खरी, पाणी आले खरे, पण टाकी रिकामीच राहिली. ‘एनीवे’ हा शब्द मागचा मुद्दा मान्य करीत नाही आणि नाकारीतही नाही, त्याने काही फरक पडत नाही असे म्हणतो. त्याला मराठीत ‘नाहीतरी’, ‘तसेही’, ‘काही झाले तरी’ असे प्रसंगानुसार निवडावे लागते. ‘आफ्टर ऑल’ वाक्याच्या आरंभी आला तर कारण सांगतो आणि शेवटी आला तर अपेक्षा मोडल्याचे सांगतो. ‘ही केम आफ्टर ऑल’चे मराठी ‘शेवटी आलाच की तो’ असे होते, आणि तेथे अपेक्षाभंगाचा सारा भार ‘आलाच’मधल्या ‘च’ने उचललेला असतो.

निबंध आणि युक्तिवाद यांच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. ‘ऑल्दो’ ज्या उपवाक्याला लागतो ते मागे सरकते, पार्श्वभूमी होते, आणि मुख्य वाक्य पुढे येते. ‘हाउएव्हर’ने जोडलेल्या दोन वाक्यांपैकी पहिले मात्र पूर्ण मानाने उभे असते, वाचकाने ते सत्य म्हणून पुरते पचवले की मगच दुसरे येऊन त्याला वळण देते. प्रतिपक्षाचा मुद्दा खरोखर बलवान असेल आणि त्याला न्याय द्यायचा असेल, तर क्रियाविशेषणाची वाट अधिक प्रामाणिक ठरते. मराठीत ही सोय ‘जरी–तरी’त नाही, ती हवी असेल तर वाक्य तोडून ‘असे असले तरी’ किंवा ‘तथापि’ यांनी नवे वाक्य सुरू करावे लागते, आणि चांगले मराठी गद्यलेखक ते करीत आले आहेत.

‘तरी’ची ताकद कमी लेखणाऱ्यांनी राज्याच्या कायद्यांचे मराठी पाठ पाहावेत. 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर शासकीय मराठीला जी शिस्त आली, तिच्यात ‘नॉटविथस्टँडिंग’ने आरंभ होणारे, दुसऱ्या तरतुदींवर मात करणारे इंग्रजी कलम ‘या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी’ अशा शब्दांत उतरते. ज्या शब्दाने एक कायदा दुसऱ्यावर वरचढ ठरतो, तोच शब्द पाच वर्षांचे मूल ‘भूक लागली तरी जेवणार नाही’ असे म्हणताना वापरते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गापासून शिकवली जाते, आणि तेव्हापासून ‘हाउएव्हर’, ‘नेव्हरदलेस’, ‘स्टिल’ यांच्या याद्या प्रतिशब्दांसह पाठ करवून घेण्याची पद्धतही खालच्या वर्गांपर्यंत उतरली आहे. या याद्यांतील जवळजवळ प्रत्येक शब्दापुढे ‘तरीही’ एवढाच अर्थ दिलेला असतो, त्यामुळे त्यांच्यातील जागेचा, वजनाचा आणि खरे–संभाव्य यांतील भेद पुसला जातो. सोलापूरच्या शिक्षकांनी ही पद्धत सोडावी. त्यांनी आधी फळ्यावर ‘पडला तरी’, ‘बंदरू’, ‘पडिना’ आणि ‘पड़ा तो भी’ ही चार रूपे मुलांकडूनच वदवून शेजारी शेजारी लिहावीत, सांधा कोठे आहे हे बोट ठेवून दाखवावे, आणि इंग्रजीत तो सांधा पूर्णविरामाने तुटतो की स्वल्पविरामाने टिकतो हे त्यानंतर शिकवावे. यासाठी वेगळ्या पुस्तकाची किंवा साहित्याची आवश्यकता नाही, कारण लागणारी सगळी उदाहरणे वर्गात बसलेल्या मुलांच्या तोंडी आहेत.